दोघांचा खंदक एक नव्हताच

प्रश्न थोडक्यात असा. सहा भागांची दूरचित्रवाणी मालिका, आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत न्यायची. काळ १९४६, जागा अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं एक छोटं गाव. वॉल्टर गोरा, एलायजा कृष्णवर्णीय, दोघे बालमित्र. युरोपात ‘एकाच खंदकात’ लढून दोघे परत येतात आणि गाव त्यांना वेगळं करतं. पहिले दोन भाग वाचून दाखवल्यावर ऐकणारे म्हणाले, मैत्री पटत नाही आणि वर्णभेदाचे प्रसंग भाषणासारखे वाटतात. तेव्हा संवाद कसे सुधारायचे? आणि जाता जाता, एखादं मराठी पात्र घालता येईल का?

संवादांना इतक्यात हात लावू नका. घोडं तिथे अडलेलं नाही. तुमच्या दोघांना एकमेकांशी बोलण्यापलीकडे काही कामच नाही, म्हणून ते बोलत बसतात, आणि विषय वजनदार असल्यामुळे त्या बोलण्याचं भाषण होतं. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद तोंडात कमी आणि व्यवहारात जास्त होता. कोणत्या दाराने आत जायचं, कोणी कोणाला काय म्हणून हाक मारायची, कोणत्या कागदावर कोणाची सही लागते. प्रत्येक प्रसंगाला हे तीन प्रश्न विचारा. ज्या प्रसंगात तिन्हींचं उत्तर ‘काही संबंध नाही’ असं येईल, तो प्रसंग बहुधा काढून टाकण्याच्या लायकीचा असतो.

पण त्याआधी मुळातच एक चूक आहे, ती खंदकाची. अमेरिकी सैन्य तेव्हा वर्णाप्रमाणे विभागलेलं होतं. पलटणी वेगळ्या, बराकी वेगळ्या, रेड क्रॉस रक्तसुद्धा वेगळं ठेवायचा आणि ती पद्धत १९५० पर्यंत चालली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा ९९८१ क्रमांकाचा आदेश निघाला २६ जुलै १९४८ला, आणि शेवटच्या वेगळ्या पलटणी मोडायला १९५४ उजाडलं. तुमचे दोघे एका गावातून एका तुकडीत भरती होणं शक्य नव्हतं. जाणकार प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत हे पकडेल, आणि मग पुढचं काहीच खरं मानणार नाही.

यातून बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत. तुम्हाला कोणता मानवेल हे मालिका कोणाची आहे यावर ठरतं.

पहिला रस्ता लढाईचा. डिसेंबर १९४४मध्ये आर्डेन्सच्या लढाईत पायदळाची माणसं इतकी खर्ची पडली, की पुरवठा आणि वाहतुकीतल्या कृष्णवर्णीय सैनिकांना स्वेच्छेने पायदळात येण्याचं आवाहन केलं गेलं. साडेचार हजारांवर नावं आली, सुमारे २,२०० जण घेतले गेले. अट अशी की सार्जंट असलात तरी फिती उतरवून साधा शिपाई व्हायचं. गोऱ्या शिपायावर काळ्या सार्जंटचा हुकूम चालायला नको, एवढंच त्यामागचं कारण. मार्च १९४५मध्ये त्यांच्या प्लाटून, म्हणजे छोट्या तुकड्या, गोऱ्या कंपन्यांना जोडल्या गेल्या. वरचा लेफ्टनंट गोरा, प्लाटून सार्जंट गोरा. पुढे सैन्याच्याच संशोधन विभागाने सोबतच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि सार्जंटना विचारलं, तेव्हा चारातल्या तिघांनी सांगितलं की आमचं मत पहिल्यापेक्षा चांगलं झालंय. तो अहवाल तेव्हा लोकांपुढे येऊ दिला नाही आणि युरोपातलं युद्ध संपताच त्या प्लाटूनही मोडल्या. या रस्त्याने गेलात तर फिती उतरवण्याचा प्रसंग तुम्हाला आयता मिळतो. अडचण एकच: नेमक्या वॉल्टरच्याच कंपनीत एलायजा येणं हा योगायोग आहे, आणि योगायोगावर सहा भाग उभे राहत नाहीत.

दुसरा रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो. कृष्णवर्णीय सैनिकांपैकी बहुतेकांना बंदुकीऐवजी ट्रक, गोदी, रस्ते आणि फावडं मिळालं होतं. नेदरलँड्समधल्या मारग्राटेन गावाजवळ नोव्हेंबर १९४४मध्ये अमेरिकेच्या नवव्या आर्मीची दफनभूमी सुरू झाली. तिथल्या कबरी खणल्या त्या ९६०व्या क्वार्टरमास्टर सर्व्हिस कंपनीसारख्या कृष्णवर्णीय तुकड्यांनी, पावसात आणि गुडघाभर चिखलात. शवपेट्या नव्हत्या. गादीच्या अभ्र्यात गुंडाळून माणूस खाली ठेवायचा. गळ्यातल्या दोन बिल्ल्यांपैकी एक त्याच्यासोबत, दुसरा वरच्या लाकडी क्रुसाला. नोंद तीन आकड्यांची: विभाग, रांग, कबर. मृताचं घड्याळ, पत्रं, पाकीट यांची यादी होऊन ते सगळं कॅन्सस सिटीच्या कार्यालयामार्फत घरी जायचं.

आता वॉल्टरला एक थोरला भाऊ द्या. त्याला ३०व्या पायदळ डिव्हिजनमध्ये घाला. ही डिव्हिजन नोव्हेंबर १९४४मध्ये आखेनच्या परिसरात नवव्या आर्मीखाली लढत होती. तो तिथे पडतो, आणि त्याला पुरणाऱ्यांत एलायजा असतो. खंदक एक नाही, पण एलायजाला असं काही माहीत आहे जे त्या घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. मैत्रीचं ओझं आता एका नेमक्या गोष्टीवर टेकलं. तो हे सांगणार का, कोणाला, आणि कोणत्या दारात उभा राहून?

हा धागा शेवटपर्यंत ताणायला इतिहासच मदत करतो. युद्धानंतर अमेरिकी सरकारने मृतांच्या वारसांना छापील अर्ज पाठवले. पर्याय चार: परदेशातल्या कायमच्या अमेरिकी दफनभूमीत राहू द्यावं, मायदेशी आणून खासगी दफनभूमीत पुरावं, मायदेशातल्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरावं, किंवा मृताचा मूळ देश वेगळा असेल तर तिकडे पाठवावं. ऑक्टोबर १९४७मध्ये पहिली जहाजं परतली, आणि १९५१पर्यंत सुमारे १ लाख ७१ हजार मृतदेह घरी आले. एक बारकावा सांभाळा: निर्णयाचा हक्क क्रमाने होता. आधी पुनर्विवाह न केलेली विधवा, मग सज्ञान मुलगे, मुली, मग वडील, आणि मग आई. तुम्हाला निर्णय आईच्या हातात हवा असेल (आणि तो तिच्याच हातात हवा), तर थोरला अविवाहित ठेवा आणि वडील आधीच वारलेले दाखवा. तुमच्या आराखड्यात वडील दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले आहेत. ते गल्ल्यावर शोभतात, पण या कथेत त्यांचं काम फोटोतून भागेल.

असं केलं की काळही आपोआप ठरतो: फेब्रुवारी १९४६ ते शरद १९४७. फक्त १९४६ पुरणार नाही.

आता मैत्री का पटत नाही, त्याकडे येऊ. तुम्ही ती आठवणींमधून सांगितली आहे: नदीवर पोहलो, पेरू चोरले. (पेरू तर मराठी बालपणाचे, तिथे पीच आणि शेंगा घाला.) जुनी मैत्री आठवणीने सिद्ध होत नाही, सवयीने होते. दोघांना एकत्र करायचं एक हातकाम द्या. बिघडलेला पंप असेल किंवा खेचर नालायला धरणं असेल, काहीही चालेल. एकाने हात पुढे करावा आणि न मागता दुसऱ्याने त्यात नेमका पाना ठेवावा. असा अर्ध्या पानाचा प्रसंग दहा आठवणींना भारी पडतो. आणि हाच प्रसंग पाचव्या भागात परत आणा. हात पुढे होतो, पाना येतो, पण आता एलायजा तो हातात न देता बाकावर ठेवतो.

हाक मारण्याच्या बाबतीत तर मराठीत लिहिण्याचा तुम्हाला थेट फायदा आहे. दक्षिणेत काळी-गोरी मुलं लहानपणी बरोबर खेळायची, एकमेकांना नावाने हाक मारायची. वयात आली की काळ्या मुलाने गोऱ्याला ‘मिस्टर वॉल्टर’ म्हणायचं, अशी अपेक्षा असे. उलट दिशेने मात्र गोरी माणसं पन्नाशीच्या काळ्या माणसालाही पहिल्या नावाने किंवा ‘बॉय’ म्हणून हाक मारत, म्हातारा झाला की ‘अंकल’. ‘मिस्टर’ त्याच्या वाट्याला कधीच येत नसे. इंग्रजीत हे एका शब्दात दाखवावं लागतं. मराठीत तुमच्याकडे अख्खी क्रियापदं आहेत. दोघे एकटे असले की ‘अरे, ये की’, आणि कोणी तिसरा आला की एलायजाचं ‘या, बसा’. वॉल्टरचं ‘अरे’ तसंच राहतं. वाक्याच्या मध्येच कोणी दार उघडतं आणि ‘तू काय म्हणत होतास’चं ‘तुम्ही काय म्हणत होता’ होतं. त्यावर कोणी काही बोलत नाही. वॉल्टरला हा बदल इतका सवयीचा असावा की चौथ्या भागापर्यंत तो त्याच्या कानावरच पडत नाही. ज्या दिवशी पडेल, तो त्याचा खरा परतीचा दिवस. इंग्रजी करताना यातलं बरंच गळेल, त्याची तयारी ठेवा. तिथे नाव, ‘सर’ आणि गप्प बसणं यांवर भागवावं लागेल.

शिवीबद्दल वेगळं विचारलेलं नाही, तरी सांगतो. वर्णद्वेषी शिवी टाळून चालणार नाही, पण ती प्रत्येक खलनायकाच्या तोंडी घातलीत की बोथट होते. ती एखाद्या प्रेमळ माणसाच्या तोंडून, सहज, कोणतीही चीड नसताना येऊ द्या. मराठीत तिच्यासाठी नवा शब्द शोधू नका आणि आपल्याकडची जातिवाचक शिवी तर मुळीच वापरू नका. तसं केलं की श्रोता लगेच जॉर्जियातून उठून आपल्या गावात येऊन बसतो.

आता कागद. युद्धानंतरच्या कथेचा कणा तिथे असतो, हे सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांत ट्रंकेच्या तळाशी कोणाचं तरी डिस्चार्ज बुक जपून ठेवलंय, तिथे समजावून सांगावं लागत नाही. सन्मानाने सुटलेल्या अमेरिकी सैनिकाला एक प्रमाणपत्र मिळे, आणि त्याच्या पाठीवर सेवेची नोंद: जन्मतारीख, डोळ्यांचा रंग, कामाचा प्रकार, कोणत्या मोहिमा, किती पगार चुकता केला, उजव्या अंगठ्याचा ठसा. आणि मध्ये एक चौकट, वंश: श्वेत, निग्रो, इतर. वॉल्टरचा आणि एलायजाचा कागद शेजारी ठेवून कॅमेरा त्यावरून फिरवलात तर पाच मिनिटांचा संवाद वाचेल. पुष्कळ जण हा कागद काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, न्यायालयात नोंदवून घेत, म्हणजे कारकुनापुढे दोघांना एका रांगेत उभं करायचं निमित्तही मिळालं. परदेशी सेवा झालेल्याला सुटल्यावर हप्त्यांनी ३०० डॉलर मिळत, आणि सुटल्यावर ३० दिवस गणवेश घालायची मुभा असे. उजव्या छातीवर पंख पसरलेल्या गरुडाचं कापडी चिन्ह; सैनिक त्याला चेष्टेने ‘फाटकं बदक’ म्हणत. ३० दिवसांची ही मुदत पहिल्या भागाला उत्तम घड्याळ देते. वॉल्टर गणवेश दुसऱ्याच दिवशी खुंटीला टांगतो. एलायजाची आई तो लपवते, कारण गणवेशातला काळा माणूस बघून कोणाचं डोकं फिरेल याचा नेम नाही.

एक निळा कागदही असे. ना सन्मानाचा, ना बदनामीचा, असा डिस्चार्ज निळ्या कागदावर छापलेला असायचा. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात सैन्याने असे ४८,६०३ कागद दिले, त्यांपैकी १०,८०६ कृष्णवर्णीयांना. सैन्यातलं त्यांचं प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास आणि या कागदात बावीस टक्के. निळा कागद असला की माजी सैनिकांच्या सवलती नाकारल्या जात आणि नोकरी देणारा काय समजायचं ते समजून घेई. १९४७मध्ये हा प्रकार बंद झाला. तुमच्या कथेत हा कागद एलायजाला देऊ नका. त्याचा कागद पांढरा, स्वच्छ हवा. तरीही अडतं, हेच तर दाखवायचं आहे. निळा कागद त्याच्या धाकट्या चुलतभावाला द्या. एका प्रसंगापुरता.

पांढऱ्या कागदावर काय मिळायचं? २२ जून १९४४ला रूझवेल्ट यांनी सही केलेल्या कायद्याने आठवड्याला २० डॉलर बेकारभत्ता, जास्तीत जास्त ५२ आठवडे. शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी. आणि घर, शेती किंवा धंद्यासाठी कर्जाला निम्म्या रकमेची सरकारी हमी. हमीची मर्यादा आधी २,००० डॉलर, डिसेंबर १९४५पासून स्थावर मालमत्तेसाठी ४,०००. व्याज चार टक्क्यांच्या वर नाही. कायद्याच्या शब्दांत वर्ण कुठेच नाही. फक्त अंमलबजावणी स्थानिक लोकांच्या हातात, आणि पाणी नेमकं तिथेच मुरतं. सरकार हमी देई, कर्ज नाही. कर्ज द्यायला बँक तयार हवी. १९४७मध्ये मिसिसिपीतल्या शहरांच्या एका पाहणीत अशा हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली कर्जं होती दोन. शेकडा दोन नव्हे, एकूण दोन. बेकारभत्त्यातही मेख होती. ‘योग्य’ काम नाकारलं की भत्ता बंद, आणि काय योग्य ते ठरवणार स्थानिक कार्यालय. सैन्यात ट्रकचं इंजिन उतरवणाऱ्या माणसासाठी योग्य काम म्हणजे कपडे धुणं किंवा कापूस वेचणं.

तुमच्या दुसऱ्या भागातल्या बँकेच्या प्रसंगात व्यवस्थापक ओरडतो आणि एलायजाला हाकलून देतो. ते उलट करा. व्यवस्थापक सभ्य असू दे. तो कागद नीट वाचतो, युद्धातल्या सेवेबद्दल आभार मानतो, आणि म्हणतो की बँकेची काही हरकत नाही, फक्त गावातलं कोणीतरी वजनदार माणूस जामीन राहिला तर बरं. इथे तुमच्या मालिकेचं मधलं वळण तयार होतं. वॉल्टर आनंदाने सही करतो. मित्राला मदत केली, झालं. पण त्या सहीनंतर एलायजाचा ट्रक अर्धा वॉल्टरचा होतो, आणि एलायजा मिंधा. गाव म्हणायला लागतं, ‘वॉल्टरचा माणूस’. मदतीनेच बरोबरी संपते. चांगल्या माणसाने चांगल्या मनाने केलेली गोष्ट अशी उलटली की भाषणाची गरज उरत नाही. या वळणाला जोड म्हणून दोन घरांचा जुना हिशोब घाला: एलायजाचे वडील अर्धेलीने कापूस करणारे, आणि हंगामाआधीची खावटी वॉल्टरच्या वडिलांच्या दुकानातून. डिसेंबरात हिशोब व्हायचा आणि वही फक्त दुकानात असायची. ती वही अजून फळीवर असू द्या.

वॉल्टरची किंमतही मोजता यायला हवी. तुमच्या मसुद्यात तो हिरो आहे, सगळ्यांना सुनावतो आणि त्याचं काही जात नाही. गोऱ्या तारणहाराची ही वाट फार मळलेली आहे. त्याने काही केलं तर गिऱ्हाईक किती तुटलं, आईशी बोलणं किती दिवस बंद पडलं, हे आकड्यांत ठरवून ठेवा, पडद्यावर आलं नाही तरी चालेल. गोरे माजी सैनिक सगळे एका माळेचे मणी नव्हते. अमेरिकन व्हेटरन्स कमिटीसारखी संघटना वर्ण न बघता सभासद घेत होती, तर अमेरिकन लीजनसारख्या जुन्या संघटनेच्या दक्षिणेतल्या शाखा वर्णाप्रमाणे वेगवेगळ्या होत्या. वॉल्टर मधेच कुठेतरी असू दे. त्याच्या झोपमोडीला, हात थरथरण्याला आजचं वैद्यकीय नाव देऊ नका. पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास) हे निदान अधिकृतपणे आलं १९८०मध्ये. तेव्हाचे लोक म्हणत ‘लढाईचा थकवा’, आणि घरात नुसतं ‘त्याच्या नसा हलल्यात’. कबरी खणणाऱ्यालाही काही झालं असेल, हे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. एलायजाला स्वतःच्याही नाही.

तारखांकडे जरा कडक नजरेने बघा, कारण १९४६चा जुलै महिना जॉर्जियात विलक्षण दाट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९४४च्या निकालाने पक्षांतर्गत निवडणूक फक्त गोऱ्यांपुरती ठेवणं घटनाबाह्य ठरलं होतं, जॉर्जियाने १९४५मध्ये मतदानाचा डोईकर काढला होता, आणि तिथे मतदानाचं वय १९४३पासून १८ होतं. त्यामुळे १७ जुलै १९४६च्या डेमोक्रॅटिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांनी मोठ्या संख्येने नावं नोंदवली. गव्हर्नरपदाचे उमेदवार युजीन टालमॅज यांच्या बाजूच्या लोकांनी छापील हरकतअर्ज भरून हजारोंची नावं कापायचा सपाटा लावला. टेलर काउंटीत मेसिओ स्नाइप्स या माजी सैनिकाने मत दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि दोन दिवसांनी तो वारला. २५ जुलैला वॉल्टन काउंटीत मूर्स फोर्डच्या पुलाजवळ दोन जोडप्यांना जमावाने ठार केलं. त्यातला जॉर्ज डॉर्सी सैन्यातून परतलेला होता. चौथा भाग पूर्ण या महिन्याला द्या. मात्र या खऱ्या माणसांना पात्र करू नका. त्यांच्या बातम्या गावात येऊ द्या, आणि बातमी आल्यावर एलायजाची आई कंदील मालवते एवढं पुरे.

आयझॅक वुडर्डचा उल्लेख तुम्ही पहिल्याच भागात, मार्च १९४६मध्ये केलाय. तो तिथे बसत नाही. त्याच दिवशी कॅम्प गॉर्डनमधून सुटलेला, गणवेशातला हा सार्जंट १२ फेब्रुवारी १९४६ला बसने घरी निघाला होता. दक्षिण कॅरोलायनातल्या बेट्सबर्गमध्ये पोलिसांच्या मारहाणीत त्याचे डोळे गेले. पण देशभर बोभाटा झाला तो जुलैअखेर, नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी रेडिओवरून प्रकरण लावून धरल्यावर, आणि आरंभी तर गावाचं नावही चुकीचं सांगितलं गेलं होतं. मार्चमध्ये तुमच्या पात्रांना हे नाव माहीत असण्याचा संभव नाही. तीच गोष्ट बसची: एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये वेगळं बसवणं सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९४६ला अवैध ठरवलं. ड्रायव्हर ऐकत नव्हते, पण प्रसंग जूनच्या आधीचा की नंतरचा यावर एलायजाला कायदा बोलता येईल की नाही हे ठरतं.

मराठी पात्राचं उत्तर: ओढूनताणून नको. खरा दुवा हवा असेल तर तो इटलीत आहे. डिसेंबर १९४४अखेर सेर्किओ नदीच्या खोऱ्यात कृष्णवर्णीय सैनिकांच्या ९२व्या डिव्हिजनवर जर्मन हल्ला आला, तेव्हा मदतीला धावली ती ८वी हिंदी डिव्हिजन. याच डिव्हिजनच्या मराठा पलटणीतल्या नामदेव जाधवांनी पुढे ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पण त्यासाठी एलायजा इटलीत हवा, आणि मग मारग्राटेनचा धागा जातो. एकाच शिपायाला दोन्हीकडे पाठवू नका. मी असतो तर मराठी पात्र सोडून दिलं असतं. तुमच्या टिपणवहीत मात्र एक गोष्ट लिहून ठेवा: त्याच जुलै १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली होती. मालिकेत ते येणार नाही. पण मागचं दार, वरून ओतलेलं पाणी, वेगळा पेला हे मराठी लेखकाला समजावून घ्यावं लागत नाही; फक्त तपशील तिथलेच वापरा.

लांबीचा हिशोब: पन्नास मिनिटांच्या भागाला इंग्रजी मांडणीत साधारण पन्नास पानं. मराठीत संवाद जास्त असले तर पंचेचाळिसातच वेळ भरते, म्हणून पानं मोजण्याऐवजी मोठ्याने वाचून घड्याळ लावा. तीसेक प्रसंग पुरतात. तुमच्या पहिल्या भागात चौपन्न आहेत. अर्धे तर ‘वॉल्टर विचार करत उभा आहे’ असेच आहेत.

लिहायला सुरुवात शेवटापासून करा. सहावा भाग, शरद १९४७. अर्ज टेबलावर पडून आहे. आई दोन महिने खूण करत नाहीये. वॉल्टरने तिला सांगितलंय की एलायजा तिथे होता. एलायजा मागच्या दाराने आलाय, टोपी हातात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी.

‘त्याला पेटीत ठेवलं होतं का रे?’

‘नाही, मॅडम. पेट्या नव्हत्या. पण कापड कोरं होतं.’

‘तूच होतास?’

‘मी आणि अजून तिघे. पाऊस होता. आम्ही आधी पाणी उपसलं, मग त्याला ठेवलं.’

ती खुर्चीकडे बघते. त्या स्वयंपाकघरात चार खुर्च्या आहेत. एलायजाही बघतो. वॉल्टर खुर्ची ओढतो, आणि त्या आवाजाने तिघेही थबकतात.

तो बसतो की नाही हे मी सांगणार नाही, ते तुमच्या आधीच्या पाच भागांवर ठरेल. हा प्रसंग पाच-सहा पानांत लिहा आणि ज्यांनी पहिले भाग ऐकले नाहीत अशा दोघांना वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने ‘मग तो बसला का?’ असं विचारलं, तर पहिल्या भागाकडे परत जा आणि खंदक काढून टाका.